आधी पाच, मग चाळीस

नवतप्याचा चौथा दिवस. रात्रीचे अकरा वाजले तरी
मानेवाड्यात नळाला उकळतं पाणी,
कूलरचा पंप मधूनच कोरडा खोकतो.
मी स्क्रीनवर बोट ठेवून बाइट मोजते आहे.

दुर्गेश बोरकुटे म्हणाला, "काहून वं हा कुटाणा?
असेंबलर फुकट भेटते, लिंकर फुकट भेटते."
खरं आहे त्याचं.
पण माझं म्हणणं एकाच्या हाती द्यायचं,
त्यानं दुसऱ्याच्या,
आणि कोर्टाबाहेरच्या अर्जनवीसानं काय लिहिलं
ते अंगठा उठवल्यावर कळायचं.
एकदा स्वतःच बोलून बघू म्हटलं.

पहिले चौसष्ट बाइट नुसता फॉर्म भरण्यात गेले:
मी कोण, कुठल्या यंत्राची, आत कुठून यायचं.
पुढचे छप्पन्न, जागा किती लागेल.
मग काम.

'परत दे पंचेचाळीस', एवढाच पहिला प्रोग्राम.
बीएफ, टूडी, आणि तीन शून्यं.
लहान बाइट आधी, थोरले मागून.
याला सगळे उलटं म्हणतात.
उलटं कसं?
पंचे-चाळीस. आधी पाच, मग चाळीस.
भाची ओजस्वी दुसरीत आहे, ती 'चाळीस पाच' म्हणते,
तिच्या पुस्तकात आता तसंच आहे.
मी पंचेचाळीस सांगितले की ती चोपन्न लिहिते
आणि बघते माझ्याकडे, मीच काही लपवल्यासारखं.
या घरात माझ्या बाजूनं
एक चिप तेवढी आहे.

उडी मात्र फसली.
उडी लिहिताना कुठं पडायचं ते ठरलेलं नसतं.
चार शून्यं टाकून पुढं जायचं,
पंगतीत कुणासाठी पान मांडून ठेवतात तसं,
पत्ता कळला की मागं येऊन वाढायचं.
मी वाढलं.
सेगमेंटेशन फॉल्ट.
पुन्हा वाढलं. पुन्हा तेच.
दीड वाजता लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा कण्हत राहिला.

सदरला ऑफिसात जाताना झिरो माइलचा खांब लागतो,
चार घोडे, दगडात कोरलेली गावं, पुढं मैल.
मीही तशीच मोजत होते,
उडी जिथं सुरू झाली त्या दगडापासून.
पण ती वाचून होईस्तोवर प्रोसेसर
पाच बाइट पुढं आलेला असतो.
तो जिथं उभा आहे तिथून मोजायचं,
मी जिथं उभी आहे तिथून नाही.
वजा पाच.
हे दुर्गेशला सांगावं का? नको. हसेल.

एकशे एक्केचाळीस बाइट. मध्ये कुणी नाही.
चालवलं. पडद्यावर काही उमटलं नाही,
उमटायचंच नव्हतं.
विचारलं, काय परत आलं?
४५.

उजाडलं तेव्हा दाराखालून पेपर सरकला.
ओजस्वीनं डोळे चोळत मोठ्यानं वाचलं,
"कालचं कमाल तापमान चाळीस पाच पॉइंट आठ."
पॉइंट आठ
मला अजून काढता येत नाही.