संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

दहाव्या मैलापासून रिक्षावाल्याला घाई करत आलो,
तर ओझरच्या टीव्हीवर हैदराबादपुढे
सहा दहा जाऊन सात चाळीस आलेलं,
आणि घसा खाकरून कुणीतरी म्हणालं,
'परिचालनाच्या कारणास्तव.'

मला हसू आलं.
एकतीस वर्षं जुन्या सीबीएसला
जाळीच्या खिडकीमागे बसून हेच वाक्य
वेगवेगळे कपडे घालून मी बाहेर पाठवलं.
गाडी लागते आहे. गाडी डेपोतून निघाली आहे.
(निघालेली नसायची. चालक वडा खात असायचा.)
कळवणची आली नाही की पुण्याची जात नाही,
गुपित एवढंच. पण सांगितलं तर
लोक कळवणला शिव्या देतील,
म्हणून मी 'तांत्रिक' म्हणायचो.

लासलगावचे ब्रह्मेचा काउंटरवर बोट आपटत होते:
कारण सांगा. खरं कारण.
म्हटलं, शेठ, येणारं अजून तिथंच उभं असेल.
येतं तेच जातं.
तुम्ही विमानातले का?
नाही, लाल डब्यातला.

आठला बसलो. पंख्याचं विमान,
चढायचं दार शेपटीकडे.
पट्टे दाखवून झाले, कुणी पाहिले नाहीत.
मग दिवे मंद झाले
आणि खिडक्यांच्या झापा वर करायला सांगत
एक मुलगी रांगांमधून आली.
छातीच्या पट्टीवर अहिरराव,
म्हणजे आमच्याच पट्ट्यातली.
विचारलं, ताई, दिवे का घालवता? वीज वाचते?

ती खाली वाकली. हसली नाही, हे विशेष.
काका, काही झालंच तर बाहेर अंधार असणार.
डोळ्यांची त्याच्याशी आधीच ओळख असलेली बरी.
आणि झापा वर असल्या की
आग कुठल्या बाजूला आहे ते दिसतं.
त्या बाजूचं दार मग आम्ही उघडत नाही.
तुमच्यापासून दार किती रांगांवर आहे,
तेवढं मोजून ठेवा.

एवढं सरळ उत्तर
मी त्या खिडकीतून कुणालाच दिलं नव्हतं.

विमान हललं नाही.
वर केलेल्या झापेतून दिसलं:
एक माणूस विजेरी घेऊन पंखाखाली वाकलेला.
जानोरीच्या बागांकडून गार वारा येत असावा,
त्याची टोपी सारखी उडत होती
आणि तो ती एका हाताने दाबून
दुसऱ्या हाताने पाहत होता.
दिवसा इथं लढाऊ विमानं कान फाडतात.
आत्ता एवढा एक उजेड.

ब्याण्णवचा मे. लग्नसराई.
कळवण गाडीच्या मागच्या दाराची कडी तुटलेली,
गांगुर्डे कंडक्टरने तारेचे सात वेढे देऊन बांधलेली.
वर अक्षरं ताजी, लाल:
संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
त्या मार्गाला टेकून कुणाचा तरी कांद्याचा कट्टा.
साहेब, सोडू का?
गाडी पन्नास मिनिटं लेट होती.
जाळीला माणसं चिकटली होती,
माझ्या नावाने बोंबलत होती.
मी सही केली.

भावडबारी ओलांडून साडेदहाला ती
कळवणला सुखरूप पोचली.
काही झालं नाही.
काही झालं नाही, याचा हिशोब
मला अजून लागलेला नाही.
बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ब्रह्मेचा पुढच्या खुर्चीवरून मान वळवून म्हणाले,
आता काय राहिलंय याचं?
म्हटलं, बघू दे त्याला.
घड्याळ हातात होतं. पाहिलं नाही.

माझी रांग बारावी. मागचं दार सात रांगांवर.
डोळे मिटून मनातल्या मनात
एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत गेलो.
चौथ्या रांगेत एका बाईच्या मांडीवर तान्हं होतं,
चढताना पाहिलेलं.
तिथं थांबलो.
पुन्हा पहिल्यापासून मोजलं, त्याला धरून.