तुटेपर्यंतची लांबी

गोकुळ शिरगावात, फौंड्रीच्या भट्टीमागे
आमचा पत्र्याचा कारखाना.
समोर लोखंड ओततात, त्यांना मान आहे.
आम्ही बादल्या वितळवतो.

राजाक्का कुरणे ढिगाशी बसते
आणि प्लॅस्टिक नखाने वाजवून बघते.
टणक वाजलं की या पोत्यात,
बद्द वाजलं की त्या.
खात्री नसेल तर काडी लावते, वास घेते:
मेणबत्तीचा आला तर पॉलिथिन,
मेणात डिझेल सांडल्यागत आला तर दुसरं.
पाण्यात टाकून उपयोग नाही, दोन्ही तरंगतात.
तरी टोपणं राहतातच बाटल्यांवर,
आणि मिसळण होते.

परवा एक क्रेट परत आला.
पहाटेच्या गारठ्यात दूध उतरवताना
टेम्पोवाल्याच्या हातून आपटला
तर कोपरा गेला, पापडासारखा.
इलाईभाई शिकलगार काही बोलले नाहीत.
कोपरा फक्त माझ्या टेबलावर ठेवला.

मी डंबेल काढले, पाच.
राजाक्का त्यांना डमरू म्हणते.
दोन जबड्यांत धरायचं, बटण दाबायचं
आणि बघत राहायचं, एवढंच माझं काम.
चांगला माल आधी मधोमध पांढरा पडतो,
मग कमरेत बारीक होतो,
मग लांबतच जातो,
दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा
चहा उकळेपर्यंत आपण ताणत बसतो, तसा.
हे पाचही तटकन गेले.
जोर पुरेसा होता, कागदावर कुणी नावं ठेवली नसती.
लांबी: बारा टक्के. नऊ. बारा. अकरा.
पाचवा जबड्यातच मोडला, तो धरायचा नसतो.

तुकडा घेऊन विद्यापीठात गेलो.
पद्मजा मगदूमने तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला,
वाफ टेबलावरून खाली ओघळली,
आणि दोन चिमट्यांत धरून कडकन मोडला.
ओढून तुटलेला खोटं बोलतो, म्हणाली,
गोठवून मोडला की आत होता तसा दिसतो.
मग वर सोनं चढवलं.
खरंच सोनं. केसाचे सात हजार पापुद्रे काढले
तर त्यातल्या एकाएवढं.

पडद्यावर करडं पठार, त्यात गोळे,
भिजलेल्या शाबूसारखे, सुटे सुटे.
जिथून गोळे निसटले तिथे खळगे,
तेही गुळगुळीत.
ओरखडा नाही, धागा नाही.
दोनशे वीस अंशांवर एका स्क्रूत घुसळले होते दोघं,
एकाच काळ्या रंगात,
आणि निवताना आपापल्या घरी गेले होते.

मला वाटलं, इथे काहीतरी म्हणावं, माणसांबद्दल.
पद्मजाने ते आधीच ओळखलं असावं.
"रेणू आहेत," ती म्हणाली. "बाकी काही नाही.
एक टोक याला रुचेल, एक त्याला,
असं तिसरं घाला. शंभराला पाच."

घातलं. महाग पडलं.
इलाईभाईंनी दोनदा भाव विचारला.
डमरू पांढरा पडला, बारीक झाला,
एकशे चाळीसवर मी चहा सांगितला,
एकशे नव्वदवर चहा आला,
दोनशे सहावर तुटला,
तुटल्या कडेला लव, उपटलेल्या गवताच्या मुळांसारखी.
नव्या फोटोत गोळे खसखशीएवढे,
आणि खळगे शोधावे लागले.

राजाक्काला दोन्ही फोटो दाखवले.
तिने चष्मा पदराने पुसून बघितले.
गोळ्यांचं तिला काही वाटलं नाही.
"वरनं सोनं लावलंय म्हणतोस?"
"व्हय."
"कचऱ्याला."
"दिसावं म्हणून, आक्का."
ती हसली. कानातली काडी चाचपली.
कुडी गुजरीत गेली त्या सालापासून
तिथे केरसुणीची काडी असते,
भोक बुजू नये म्हणून.
"आणि मग त्ये सोनं परत काढत्यात का?"
नाही म्हटलं. ते तसंच राहतं.
तिने पुढची बादली ओढली,
नख मारलं,
ऐकलं.