जेवढं निघालं

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार.
थंडर बेला अजून बर्फ नाही,
पण पहाटे खडीवर पांढरी साय धरते.
गाडी ब्यूक. अकराशे डॉलर, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर.
विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता,
गिअरबॉक्सला आजवर कुणी हात लावलेला नाही.
जणू तो सद्गुणच.

रेइनो म्हणाला, मग आपणही लावू नये.
कागदगिरणीत तीस वर्षं यंत्रं राखलेला माणूस.
जुन्या तेलात क्लचचाच झिजलेला भुगा असतो,
कधीकधी त्या भुग्यावरच पकड टिकून असते.
नवं तेल घालशील आणि घसरायला लागेल.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
उंबऱ्याला ठेच लागावी तशी गाडी दचकते,
आणि मला जानेवारीत विनिपेगला जायचंय.
सातशे किलोमीटर, मध्ये नुसतं स्प्रूसचं रान.
मी म्हटलं, उघडू मूठ.

तो आईचा नवरा. नऊ वर्षं झाली,
मी त्याला नावानंच हाक मारते.
पुढं काही बोलला नाही. गॅरेजमधून दोन स्टँड आणले,
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला
आणि आम्ही आडवे झालो, खांद्याला खांदा,
इतके जवळ आधी कधी नव्हतो,
फोटोतसुद्धा.

पॅनला बूच नाही. वीस बोल्ट.
सगळे काढायचे नसतात, तो म्हणाला,
या बाजूचे काढ, त्या बाजूचे नुसते सैल,
पॅन आपोआप कलेल. घाई केलीस तर आंघोळ.

मी घाई केली.
कोमट तेल बाहीतून थेट काखेत.
गाडीच्या पत्र्याखाली त्याचं हसू घुमलं.
आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली,
आमचं भांडण झालं असं तिला वाटलं.

बाटलीतलं नवं तेल क्रॅनबेरीसारखं लाल,
निघालं ते तीनदा उकळलेला काळा चहा,
गॅसवर विसरलेल्या पातेल्याचा वास.
पॅनच्या तळाला चुंबक, त्यावर मऊ करडी लव,
मांजराच्या कानामागची असते तशी.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला,
चिमटीत घेऊन चोळत राहिला, बराच वेळ.
लव म्हणजे वय, म्हणाला.
तुकडे निघाले असते तर आजार.

मापायला आईचा पॅनकेकचा जग घेतला
(हे तिला सांगितलं नाही).
सात लिटरला जरा कमी.
मी पुस्तिका पाहिली: हे तर निम्मंच!
उरलेलं कन्व्हर्टरमध्ये असतं, ते असं येत नाही.
वसंतात परत कर. मग निम्म्यातलं निम्मं राहील.
मी बोटांवर हिशेब केला.
कितीदाही केलं तरी शून्य होत नाही, रेइनो.
शून्य हवंय कुणाला, तो म्हणाला,
जेवढं निघालं तेवढंच घाल. एक थेंब जास्त नको.

नरसाळं त्यानं धरलं, ओतलं मी.
मग इंजिन चालू, माझा पाय ब्रेकवर,
पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह,
प्रत्येक ठिकाणी थांबायचं, आणि तो बाहेरून मोजतोय
यक्सी, काक्सी, कोल्मे,
डिपस्टिक पुसतोय, खुपसतोय, उजेडात धरतोय,
ताप बघावा तशी.

धान्याच्या कोठारांपर्यंत एक चक्कर मारली.
तळ्यावरून वारा सुटला होता.
दुसरा. तिसरा.
दचकली.
पण कमी. किंवा मलाच कमी वाटली.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो रस्त्याकडे पाहत होता,
हात डॅशबोर्डवर सपाट,
गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

जुनं तेल दुधाच्या कॅनांत भरून ठेवलंय,
सोमवारी डेपोत द्यायला.
वर मार्करनं तारीख, किलोमीटर, आणि खाली: टॅनिस, अर्धं.

जग चारदा धुतला, वास जाईना.
रविवारी पॅनकेक नव्या जगातून.
आई विचारते, जुना कुठे गेला?
रेइनो काट्यानं बशीतला पाक गोळा करत राहतो.
त्याच्या नखांच्या कडा
अजून लाल.