परतीचं कारण

कोट घेतला एडमंटनला, नोव्हेंबरच्या सेलमध्ये.
दुसऱ्या आठवड्यात खिशात हात घातला
तर बोटं अस्तराच्या आत गेली, थेट खाली,
घेरापर्यंत.
तिथे एक नाणं आधीच जाऊन बसलं होतं.

उलटा करून पाहिला.
शिवणीत माया म्हणून नाही, दोरा काठावरूनच गेलेला,
टाके इतके लांब की दांडिया बाजारच्या मालूकाकू म्हणाल्या असत्या,
"कच्चा दोरा घातला आणि शिवायचं विसरलं गं कोणीतरी."

परत करायला निघाले.
बसमध्ये सगळं भांडण इंग्रजीत जुळवत होते.
अस्तर आलं, टाका आला,
मायेला मात्र अलाउन्स म्हणतात तिकडे,
भत्ता मिळाल्यासारखं.
आणि "लाज कशी नाही वाटत"
हे कुठे बसवावं ते शेवटच्या स्टॉपपर्यंत जमेना.

काउंटरवरच्या मुलीने पिशवी उघडलीसुद्धा नाही.
पावती. कार्ड. टिंग.
पडद्यावर कारणांची यादी होती,
तिने सगळ्यात वरचं दाबलं:
वस्तू आवडली नाही.

आवडला होता गं.
तेच तर सांगायचं होतं.

*

लहेरीपुरा दरवाजातून आत, मंगळ बाजारात,
डावीकडे जयंतीभाईंचं दुकान.
आई एकदा तिथे बादली घेऊन गेली होती.
परकराच्या कापडाचा रंग गेला, त्याचा पुरावा म्हणून
अख्खं निळं पाणी,
रिक्षात मांडीवर धरून, थेंब न सांडता.
मी शेजारी, ओलं कापड घेऊन, मेल्याहून मेल्यासारखी.

जयंतीभाईंनी बादलीत बोट बुडवलं, उजेडात धरलं.
"बेन, रंग तो सरस छे," म्हणाले,
"फक्त कापडावर राहायला हवा होता."

मग तासभर.
चहा आला. पुन्हा आला.
आईने सुरतच्या गिरणीवाल्यांच्या
सात पिढ्या उभ्या केल्या, जयंतीभाईंनी आठवी घातली.
पैसे काही मिळाले नाहीत.
दोन मीटर पांढरं पॉपलीन मिळालं,
आणि येताना रिकाम्या बादलीत कोथिंबीर.
आई जिंकली होती की हरली होती
हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

*

या सुट्टीत गेले.
दुकान आहे, एसी आहे, मुलगा गल्ल्यावर आहे.
कुडते हँगरला, भाव सुतळीने टांगलेला.
एक उचलला. "अठराशे," तो म्हणाला,
माझ्या बुटांकडे बघून.
मी मनात डॉलर केले आणि कार्ड काढलं.

त्याचा हात मशीनवर थांबला.
"पंधराशे," तोच म्हणाला.
मी गप्प.
"तेराशे. छेल्लो भाव."
मी कार्ड धरून उभी.
"बेन, काहीतरी बोला तरी," त्याचा आवाज पडला,
"पप्पा म्हणायचे, मराठी बेन न बोलता घेऊन गेली
की समजायचं, माल परत येणार."

तेव्हा कुठे कुडता काचेवर टाकला. उलटा केला.
अंगठा फिरवला बगलेपासून खाली.
तेच टाके. एडमंटनच्या कोटाची सख्खी धाकटी बहीण.
"खिसा कुठाय?"
"खिसो नथी आवतो हल्ली."
"मग खिशाचे दोनशे काढ,"
मी म्हणाले, गंज चढलेल्या गुजरातीत,
"आणि माया न ठेवण्याचे शंभर."

तो हसला. आत ओरडून चहा सांगितला.

संध्याकाळी मालूकाकूंकडे नेला,
आतून एक पक्की शिवण मारायला.
काकूंनी अंगठा फिरवला, काही बोलल्या नाहीत.
मशीनचं झाकण काढलं, चाकाला तेल सोडलं.
सुई त्यांना आता दिसत नाही.
ती मी ओवून दिली.