पाहिजे होती

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर
संध्याकाळी सातचा क्लास.
सरांनी फळ्यावर लिहिलं, वुड.
लाकूड नव्हे, म्हणाले, हे विचारायचं वुड.
वुड यू लाइक सम टी?
समोरच्याला नको म्हणायला जागा ठेवायची असते.

आमच्याकडं कुठली जागा.
आमच्याकडं 'घे की',
आणि तोंड उघडायच्या आत
ताटात दुसरी भाकरी, वर शेंगाचटणी, वर दही.

आय वॉन्ट म्हणू नका, सर म्हणाले, उद्धट वाटतं.
तेव्हा मला दुकान आठवलं.
गिऱ्हाईक पायरीवरूनच म्हणतं,
एक चादर बघायची होती.
होती!
अजून घडीसुद्धा मोडली नाही, आणि होती.
मागताना माणूस
एक पाऊल मागं सरूनच मागतो.

मग एकेकाला विचारलं.
कोंड्यांची वैष्णवी म्हणाली, आइस्क्रीम.
पोलीस भरतीवाला पोरगा म्हणाला, जॉब, आणि लाजला.
अंबुबाई, व्हॉट वुड यू लाइक?

अठरा वर्षं हे मीच विचारत आले,
मोराची दाखवू, का चौकड्याची?
माझ्याकडं तोंड करून कुणी विचारलं नव्हतं.

आय वुड लाइक, म्हटलं,
आणि पुढं काही येईना.
मराठीत बघितलं, घरच्या तेलुगूत बघितलं.
खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.
टेक युवर टाइम, सर म्हणाले.

सर, म्हटलं,
ती खिडकीजवळची जागा
पाहिजे होती.