तळघरातला ठोकळा

ट्रोम्सोच्या इस्पितळात, तळघरातल्या फडताळात
नऊ वर्षं पडून होता मेणाचा एक ठोकळा :
एलर्ट, सेन्या बेट, डावं मूत्रपिंड.
सोबतच्या कागदावर रागनफ्रिडच्याच अक्षरात शेरा :
"आत बी पेशी. दखल घेण्याजोगं काही नाही."

तेव्हा तसंच शिकवलं होतं.
लढतात त्या टी पेशी; या नुसत्या बघ्यांतल्या,
आग लागली की जमतात तशा.

आज तिनं नवा काप घेतला, केसाहून पातळ,
तपकिरी रंग चढवला, डोळा भिंगाला लावला.
बाहेर दुपारी एकलाही काळोख.

आणि गाठीच्या ऐन पोटात
वसलेलं गाव.
मधोमध चावडी. तिथं बी पेशी
शत्रूचा तुकडा पुढे धरतायत
टी पेशींपुढं : हा बघ, असा दिसतो.
वेशीपाशी काहीजणी पोक्त झालेल्या,
प्रतिपिंडं ओतत बसलेल्या, न बोलता.
जन्मापासून नव्हतं हे गाव शरीरात.
गरज पडली, वसलं.

सगळ्यांच्याच गाठीत वसत नाही.
आणि कुठे कुठे याच पेशी
शत्रूवर पांघरूण घालतात,
तेही तिला ठाऊक आहे.

जुना शेरा तिनं खोडला नाही.
खाली तारीख घातली, लिहिलं :
"मी पाहिलं नव्हतं."

मग फोन लावला. एलर्ट कॉड साफ करत होता.
सगळं ऐकून घेऊन त्यानं विचारलं,
"अजून आहेत का त्या?"
"गाव तर गाठीबरोबरच उठलं.
काहीजणी हाडांच्या मगजात
राहायला गेल्या असतील."

"बरं. भाडं नाही मागत,"
तो म्हणाला,
आणि सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.