धातू काढून ठेवा

गावाचं नाव सूर.
मला गाता येत नाही,
मी एक्स-रे काढते.

केस कमरेखाली, जाड, आणि इतके सुळसुळीत
की आई म्हणायची, ही वेणी नव्हे, वाम आहे,
हातात ठरत नाही.
दोन रियालचा क्लचर पहिल्याच आठवड्यात
दात पडून मेला.
आकडे खोचले वीस, रात्री सापडले चौदा.
मरिसेलची पेन्सिल जिन्यापर्यंत टिकली.
चिनी हॉटेलातल्या लाखेच्या लाल काड्या
डॉक्टर हमूदांसमोरच निसटल्या
आणि अख्खा अंबाडा पाठीवर,
भरल्या बादलीचा दोर सुटावा तसा.

खाडीच्या कडेला अजून गलबतं बांधतात,
एखाददुसरं.
शुक्रवारी मी तिथे नुसती वास घ्यायला जाते,
सागाच्या भुशाचा, माशाच्या तेलाचा.
बाबूट्टी बेपूरचा, साठी उलटलेला.
त्याची हिंदी आणि माझी हिंदी
एकमेकींना सांभाळून घेतात.
माझी लाल काडी त्याने अंगठ्याने चोळली, हसला.
इतकी पॉलिश? ही काय धरणार?
फळीच्या तुकड्यातून वीतभर तासली,
काचेने खरवडली,
आणि मला वाटलं त्याच्या बरंच आधी थांबला.
बस. थोडी खरखर राहू दे.
गुळगुळीताला गुळगुळीत भेटलं
की दोघं घसरतात.

आता हात आपोआप करतात.
पीळ द्यायचा, केस स्वतःभोवती वळू लागेपर्यंत.
गुंडाळी मानेच्या जरा वर, शेवट खाली दडवायचा.
काडी आधी उलटी, टोक बाहेर;
कडेचे चार केस उचलायचे,
मग ती पलटवायची, टाळूला घासत,
गुंडाळीच्या पोटातून पार.
जरासं दुखतं.
तेवढं दुखलं तर समजायचं, बसली.
तेल लावल्या दिवशी हे करू नये.

माझा काडीमोड झाला तेव्हा
कुणी काडी मोडली नाही.
कोर्टाच्या खिडकीशी फोटो चिकटवायला
गम मागावा लागला.
तिथेही केस सुटले होते.
कारकुनाने फायलीचा रबरबँड काढून दिला,
वर न बघता.

मंगळवारी झुवैना आली, अल अश्खराहून,
तीन आठवड्यांचा खोकला घेऊन.
बोरीच्या पाल्याने धुतलेले केस,
मनगटाएवढी वेणी छातीवर.
वेणी एक्स-रेत ढगासारखी उमटते;
मागे एकीच्या वेणीला डाग समजून
तिला मस्कतपर्यंत पाठवलं होतं.
केस वर, मी म्हटलं. धातू काढून ठेवा.
तिने वेणी वर बांधायला लावलेले आकडे काढले, नऊ,
ट्रेमध्ये टणटण,
आणि वेणी पुन्हा खाली.

मी माझी काडी उपसली.
माझे सुटले, तिचे बांधले.
तिने मागे हात नेऊन लाकूड चाचपलं,
बोट नाकाशी धरलं.
साज, म्हणाली.
साग, मी म्हटलं.
एका अक्षराचं अंतर, मध्ये सगळा समुद्र.
आमच्याकडे साज म्हणजे दागिना,
एवढं सांगायला माझी अरबी पुरली नाही.

श्वास घ्या. धरा.

दोन्ही फुप्फुसं स्वच्छ निघाली.
डोक्यावरून शैला ओढून ती गेली,
काडी तशीच आत.
मला हाक मारता आली असती.
उरलेली पाळी मी केस कॉलरमध्ये कोंबून काढली,
शिशाच्या एप्रनखाली पाठ घामाने भिजलेली.

शुक्रवारी बाबूट्टीने माझ्या डोक्याकडे पाहिलं.
मोडली?
नाही, म्हटलं.
त्याने पुढे विचारलं नाही,
भुशात हात घातला
आणि तुकडा शोधू लागला.